तेवढं ‘म्हणे’ काढा

संघमित्रा, म्हणजे माझी बायको, जुन्या दगडासमोर उभी राहिली की आधी बराच वेळ काहीच बोलत नाही. नुसती बघत राहते. मी कॅमेरा लावून उन्हात घाम पुसत उभा. “मित्रा, बोल आता, बॅटरी चाललीय,” असं म्हटलं की ती मान हलवते, पण ऐकलेलं काही नसतं. मग कधीतरी खाली बसते, दगडावर हात ठेवते आणि सुरू करते. आवाज इतका हळू की पहिल्या वेळी मी माईक बदलून पाहिला होता.

आम्ही धरणगावचे. माझा फोटो स्टुडिओ आहे, ‘प्रशील फोटो’. आहे म्हणजे पाटी आहे. पासपोर्टचे फोटो लोक आता मोबाइलवर काढतात आणि लग्नांना जळगावहून ड्रोनवाली पोरं येतात. मित्रा बालवाडीत शिकवायची. मुलांना गोष्टी सांगता सांगता तिला गावांच्या गोष्टी सांगायचा नाद लागला, आणि स्टुडिओत धूळ खात पडलेला माझा कॅमेरा कामी आला. त्यातून आमचं यूट्यूब चॅनेल निघालं. खान्देशातल्या विहिरी, वेशी, पडके बुरूज, मोडलेले बाजार, यांचा इतिहास ती अहिराणीत सांगते. घरात आमची मराठी शाळेतली. कॅमेरा सुरू झाला की तिची जीभ माहेरी जाते.

तिचा एक नियम आहे. स्वतः पाहिलेलं, हाताला लागलेलं, दगडावर किंवा कागदावर वाचलेलं असलं तर ती ‘शे’ म्हणते, म्हणजे ‘आहे’. कोणाकडून ऐकलेलं असलं तर वाक्याच्या शेवटी ‘म्हने’. हाई वेस दगडनी शे. आठून राजा हत्तीवर बशीसन गया, म्हने. पुस्तकात लिहितात ते ‘म्हणे’, आमच्या तोंडात ‘म्हने’. तिच्या बोलण्यात तो शब्द असा येतो की त्यावर मान आपोआप डुलते. गोष्ट जितकी जुनी तितके ‘म्हने’ जास्त. कधी कधी एका राजाला पुरून उरतील इतके.

आणि दुसरी गोष्ट हुंकाराची. आमच्याकडे गोष्ट सांगणारा एकटा सांगत नाही. ऐकणाऱ्यानं मध्ये मध्ये ‘हं’ म्हणायचं असतं, नाहीतर गोष्ट अडते. मित्राची तर ठार अडते. म्हणून प्रत्येक व्हिडिओत कॅमेऱ्यामागून माझा ‘हं’ येतो. सुरुवातीला मी तो कापून टाकायचो. तर लोकांनी खाली लिहायला सुरुवात केली, “ताई, दाजींना बरं नाही का?” तेव्हापासून राहू दिला. इतकी वर्षं नवरदेवांना हसा हसा म्हणून ओरडलो, त्याची कोणी दखल घेतली नाही, आणि ह्या एका ‘हं’नं मला नाव मिळालं.

ऐकणारे कोण, तर केळी भरून उत्तरेकडे निघालेले ट्रकवाले, सुरतेत कापडाच्या कारखान्यात असलेली आमच्याकडची पोरं, आखातात नर्स असलेली भडगावची एक मुलगी. बरेच जण डोळे मिटून ऐकतात. ऐकता ऐकता झोपतात. “तुझा इतिहास ऐकून लोकांना झोप लागते,” असं मी एकदा चिडवायला म्हटलं, तर ती इतकी खूश झाली की माझंच तोंड पडलं.

“गोष्ट ऐकत झोप लागते, यापेक्षा मोठं सुख आहे का हो?” ती म्हणाली.

ह्या लोकांपैकी काही जण दर महिन्याला जमेल तसे पैसे पाठवायचे. त्यावर एसटीचं तिकीट निघायचं आणि डबा नेलेला असला तर दिवसही निघायचा. मित्रानं दिवाळीनंतर बालवाडीतून सुट्टी घेतली होती. शाळेच्या बाईंनी सांगून ठेवलं होतं, जूनपर्यंत काय ते ठरव. शाळा धरली तर लांबच्या गावांना जाणं होणार नाही, आणि चॅनेल धरलं तर घर कशावर चालवायचं, हा प्रश्न आमच्या जेवणाच्या ताटाशेजारी रोज येऊन बसायचा.

अशात जळगावहून फोन आला. बन्सीलाल शेठ यांचा एमआयडीसीत मसाल्याचा कारखाना. त्यांचा माणूस म्हणाला, व्हिडिओच्या मध्ये आमच्या काळ्या मसाल्याबद्दल दोन शब्द बोला. वाक्य त्यांनीच लिहून पाठवलं. मित्रानं ते एका वेशीच्या सावलीत बसून वाचलं, “हाऊ मसाला टाका का भाजीले मायना हातनी चव येस.” आणि आमच्या घरी मसाला घरचाच असतो, तो मसाला तिनं कधी चाखलेला नव्हता, म्हणून जिभेनं आपलं काम केलं. वाक्याच्या शेवटी ती म्हणाली, “म्हने.”

मी कॅमेऱ्यामागून ‘हं’ केलं.

दोघांच्याही लक्षात आलं नाही. व्हिडिओ गेला. दुसऱ्या दिवशी बघतो तर लोक हसून हसून बेजार. जळगावात दुकानात जाऊन बायका मागायला लागल्या, “तो म्हनेवाला मसाला द्या.” मी मात्र घाबरून फोन बंद करून बसलो होतो, तर स्टुडिओच्या दारात गाडी थांबली आणि बन्सीलाल शेठ स्वतः उतरले. आडवं शरीर, मोठं हसू. पडद्यावर रंगवलेल्या हिमालयासमोरच्या स्टुलावर ते बसले, डोळे पुसेपर्यंत हसले आणि म्हणाले, “ताई, इतका मसाला मना बापनी बी नही इका व्हता!”

त्यांनी मग मोठी गोष्ट काढली. वर्षभराची मालिका करायची, खान्देशातल्या जुन्या वाटांवर. गाडी त्यांची, नवा कॅमेरा त्यांचा, मित्रानं पुन्हा शाळेकडे बघायचं नाही. मी मनातल्या मनात पाटी पुसून पुन्हा रंगवली. सुरुवात, ते म्हणाले, साक्रीच्या पुढे डोंगराच्या अंगाला एक पायऱ्यांची विहीर आहे तिथून करायची. सुरतेच्या जुन्या वाटेवरची. ती त्यांच्या पणजोबांनी बांधली. त्या विहिरीचं चित्र मसाल्याच्या पुड्यावर छापायचं होतं, खाली ‘आमच्या पूर्वजांची विहीर’.

“कोणी सांगितलं तुम्हाला?” मित्रानं विचारलं.

“मनी आजीनी. केसरबाई. मी तिना मांडीवर वाढेल शे.”

“मग मी तसं सांगीन. बांधी, म्हने.”

शेठचं हसू जरा आवरलं. “तेवढं म्हने काढा ताई. मसालानं म्हने चाली जाई माले. बापजादासनं नही चालाव.”

एक शब्द. मित्रा हिमालयाकडे बघत होती, जणू तिथून कोणी उतरून येणार आहे. “बघते,” एवढंच बोलली.

गाडी गेली आणि मी सुरू झालो. मला राग आला की आला, तो काही पायरी-पायरीनं येत नाही. “म्हण की! कोण बघतंय? विहीर पडली एका डोंगराच्या कुशीत, बांधणारा गेला मातीत, आणि तू एका शब्दासाठी लक्ष्मीला दारातून परत पाठवणार?” ती भांडी घासत होती. घासता घासता थांबली. नळ तसाच सुरू. पाणी वाहतंय, आणि ही त्या पाण्यात बघतेय.

“मी पाहिलं का हो ते?” ती म्हणाली.

“नाही.”

“मग?”

मी नळ बंद केला.

हे एवढ्यावर राहिलं असतं तरी निभावलं असतं. पण त्या विहिरीचं गाव आमचं जुनं ऐकणारं गाव निघालं. गावाचं नाव मी लिहीत नाही, नाहीतर दोन्हीकडचे पुन्हा माझ्या दारात उभे राहतील. तिथले झुलाल आबा म्हणून एक म्हातारे, चॅनेल सुरू झालं तेव्हापासून त्यांच्या गावाची मदत यायची. गावातली दहावी-बारावीची पोरं मोबाइलवरून पाठवायची, पण गोळा करायचे आबा. मालिकेची बातमी त्यांना कशी लागली कोण जाणे. फोन आला.

“ताई, हाई हीर आम्हना गावनी शे. बठ्ठास्नी मिळीसन खंदी. तू तसंच सांग.”

“सांगसू आबा. खंदी, म्हने.”

“म्हने कसाले? शेठ तुले काल भेटना. आमी तुले पहिलापासून देतस ना?”

मित्रानं फोन ठेवला आणि तिथेच बसून राहिली. मला वाटत होतं, पैसेवाला विकत घेतो आणि लोक प्रेमानं देतात. आता कळलं की प्रेमानं दिलेल्याचीही पावती मागायला कोणी ना कोणी येतं. दोघांना हवं ते एकच, ‘म्हने’ जाऊ दे. फक्त ते गेल्यावर विहीर कोणाची, ह्यात त्यांचा मेळ नव्हता.

“एक काम कर,” मी म्हटलं. “गाववाल्यांनी खणली आणि शेठच्या पणजोबानं दगड बांधला. दोन्ही जोडून टाक. दोघं खूश.”

“छान गोष्ट होईल,” ती म्हणाली, “पण ती माझी होईल.”

होळीच्या आसपास आम्ही निघालो. शेठच्या गाडीत, थंड हवेत, मागच्या सीटवर मित्रा डोळे मिटून. साक्री मागे पडलं आणि दोन्ही बाजूंनी पळस लागला. पानं गळालेली, नुसती फुलं. मोहाचा वास काच बंद असताना आत कसा आला ते मला माहीत नाही, पण आला. मित्रा झोपेतच हसली. मला त्या क्षणी वाटलं, ही गाडी अशीच चालत राहावी, विहीर येऊच नये.

पण आली. वरून दिसत नाही ती. शेतात चालत गेलं की अचानक पायाखाली पायऱ्या सुरू होतात. आठ-दहा पायऱ्या उतरलं की उन्हाळा वर राहतो. आत गार, हिरवट उजेड, कोनाड्यांत पारवे, आणि आपण बोललेलं थोडं थांबून आपल्याकडे परत येतं, जणू विहीर आधी विचार करते. खाली काळं पाणी. मी गप्प झालो, आणि मी गप्प होणं म्हणजे काय ते मला ओळखणाऱ्यांना विचारा.

एका बाजूच्या पायऱ्यांवर शेठ, इस्त्रीचे कपडे. समोरच्या बाजूला झुलाल आबा, डोक्याला पंचा, बरोबर गावातले चार-पाच जण. आबांच्या चेहऱ्यावरून भांडायला आले होते हे उघड होतं. मित्रा मध्ये, शेवटच्या पायरीवर, पाण्यात बोट बुडवून बसलेली. मी मनात म्हटलं, आता ही काहीही बोलली तरी एक जण उठून जाणार.

ती शेठकडे वळली. “शेठ, माझ्या तोंडून ‘शे’ येणार नाही. पण गोष्ट तुमच्या घरातली आहे. तुम्हीच सांगा. तुम्ही ‘शे’ म्हणालात तर मी ते कापणार नाही.”

शेठना हे एकदम पटलं. केसांवरून हात फिरवला, कॅमेऱ्याकडे तोंड केलं आणि सुरू केलं, “सदर ऐतिहासिक विहीर आमचे पणजोबा, सुप्रसिद्ध व्यापारी…” आणि अडले. पुढे काही येईना. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच अडले. पाण्यावरून ‘व्यापारी, व्यापारी’ असं परत आलं आणि गावातलं कोणीतरी हसलं.

“असं नही,” मित्रा हळूच म्हणाली. “आजीनी तुम्हले सांगी, तशी सांगा. माले सांगा. कॅमेऱ्याले नको.”

शेठ तिच्याकडे वळले.

“बैलगाड्या व्हत्यात,” ते म्हणाले.

“हं,” मित्रा म्हणाली. तिचा हुंकार मी पहिल्यांदा ऐकला. इतकी वर्षं तो माझ्याकडेच होता.

“बठ्ठा तांडा सुरतथून येई ऱ्हायंता. मना पंजानी बायको दोन जीवनी व्हती.”

“हं.”

“तिले तीस लागनी. ती गाडीखाल उतरनी, आठेच बठनी… म्हने.”

मी कॅमेऱ्यामागून हात वर केला. “शेठ, म्हने आलं.”

“अरे हा.” ते हसले. पुन्हा पहिल्यापासून. बैलगाड्या, हं, तांडा, हं, तहान, हं, आणि त्याच जागी, त्याच सुरात, ‘म्हने’. पुन्हा थांबलो. आता ते चिडले, स्वतःवरच. घाम पुसला, ओठ आवळले, पुन्हा सुरू केलं. मित्रानं पुन्हा ‘हं’ म्हटलं, आणि तो हुंकार ऐकला की ते सुटायचे, उतारावरून गाडी सुटावी तसे. ह्या वेळी मी थांबवलं नाही. तहानलेली बाई उतरली, म्हने. नवरा म्हणाला, आठेच हीर बांधसू, म्हने. पाणी लागलं तेव्हा आधी तिला पाजलं, म्हने. प्रत्येक वाक्याला. त्या आडव्या अंगाच्या माणसाच्या आवाजात एक बारीक, म्हातारा, बायकी सूर कुठून येत होता ते मला कळेना.

गोष्ट संपली. विहिरीनं शेवटचं ‘म्हने’ परत म्हटलं. मग शेठ एकदम बोलले, कोणालाच उद्देशून नाही.

“दर ‘म्हने’ले ती मना डोकावर हात फिराये.”



“मी इसरी गयंतू,” ते म्हणाले. त्यांनी रुमाल काढला, पण तोंड पुसलं नाही, नुसता हातात धरून ठेवला. “गोष्ट याद व्हती. हात इसरी गयंतू.”

मला सरळ सांगायला लाज नाही, माझे डोळे भरले. कॅमेरा हलला, ते व्हिडिओत दिसतं.

मित्रानं मग समोर पाहिलं. “आबा, आता तुम्हनी सांगा.”

झुलाल आबांनी पंचा काढला, झटकला, पुन्हा बांधला. “माले नको इचारू, माय,” ते म्हणाले. “मना तोंडमाईनबी तेच निंघी.” आणि ते हसू लागले, त्यांची माणसंही हसली, पारवे उडाले. हसून झाल्यावर त्यांनी न विचारता सांगितलीच. गावातल्या घराघरातून एकेक माणूस, रोज खणणं, खडक लागला तरी खणणं. म्हने, म्हने, म्हने.

हे वाचून कोणाला वाटेल की आता सगळं गोड झालं. तसं काही झालं नाही. शेठनी ‘म्हने’ राहू द्या असं सांगितलं, पण कारखाना त्यांच्या एकट्याचा नव्हता. भाऊ होते, मुलं होती. पुड्यावर विहिरीच्या चित्राखाली ‘आमच्या पूर्वजांची विहीर, म्हणे’ असं छापायला कोण तयार होणार? मालिका रद्द झाली. गाडी गेली, नवा कॅमेरा परत गेला. व्हिडिओत दोन्ही गोष्टी, दोन्हीच्या शेवटी तो शब्द, हे पाहून आबांच्या गावातल्या पोरांनी मदत बंद केली, आणि आबांना ती परत सुरू करता आली नाही. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी बडबडतो, म्हणून घरात बरीच बडबड झाली. मित्रा ऐकत होती का, माहीत नाही. जूनमध्ये ती बालवाडीत रुजू झाली. आता आम्ही रविवारीच निघतो, जवळच्याच गावांना. व्हिडिओ क्वचित येतो. लोक विचारतात, ताई, कुठं गेलात?

पावसाळा ओसरल्यावर कोणीतरी खाली लिहिलं, जाहिरात तर दिसत नाही, मग हे चालतं तरी कशावर? मित्राला तो प्रश्न फार आवडला. ती म्हणाली, पुढच्या वेळी शेवटी सांगते. जे देतात त्यांची नावं घेते, एकेक करून.

त्याच सुमारास मदत करणाऱ्यांत एक नवं नाव आलं होतं. फोटो नाही, पत्ता नाही. केसरबाई. शेठच्या आजीचं नाव. मी ते पाहिलं आणि जळगावला फोन लावला. “शेठ, कारखान्यातनं पाठवलं का?”

“कारखानानं कारखाना देखी,” ते म्हणाले. “हाई घरनं शे.” आणि त्यांनी दुसराच काही विषय काढला.

एरंडोलच्या वाटेवर एका मोडलेल्या सराईपाशी आम्ही चित्रण केलं. ऊन कललं होतं, गवत कमरेएवढं, सगळ्यावर पिवळा उजेड. इतिहास संपला आणि मित्रानं नावं घ्यायला सुरुवात केली. तिच्या पद्धतीनंच. अय्युब ट्रकवाला शे. भडगावनी सपना शे. झुलाल आबा शे, एकटाच शे. प्रत्येक नाव घेऊन ती जरा थांबत होती, जणू त्या माणसाला बसायला जागा करून देतेय.

मी मोबाइलवर पुढची नावं तिला दाखवत होतो, आणि मला दिसलं की आता कोणाचं नाव येतंय. बाई जाऊन किती वर्षं झाली असतील. मित्रानं तिला पाहिलेलं नाही. जे काही आहे ते ऐकलेलं, एका मसालेवाल्याच्या तोंडून, आणि तिचा नियम मला तिच्यापेक्षा पाठ आहे. मी तिच्याकडे बघत राहिलो.

तिनं नाव वाचलं. डोळे मिटले. वाऱ्यानं गवत एका बाजूला झुकलं आणि पुन्हा उभं राहिलं.

“केसरबाई शे,” ती म्हणाली, आणि पुढचं नाव घेतलं.